नायरीबाईंचा गंधार

लोअर हटमधलं आमचं पहिलं घर आठवलं की आधी थंडी आठवते आणि मग शांतता. लाकडी घर, भाड्याचं, भिंती अशा की दक्षिणेचा वारा सुटला की खिडक्या घट्ट लावूनही पडदे हलायचे. बाबा सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला कामाला जायचे, मी शाळेत, आणि आई दिवसभर घरात एकटी. पुण्याला सहकारनगरमध्ये संध्याकाळी आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा, कारण आई गाणं शिकवायची. इथे दाराबाहेर आम्हा तिघांचीच पायताणं. तंबोरा मावशीकडे ठेवून आलो होतो. बरोबर आणलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा पहिल्याच हिवाळ्यात कुरकुरायला लागला, बाबांनी तो उघडून बघितला आणि मग तो कायमचाच गप्प झाला. बाबा इंजिनिअर. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे, आणि न बिघडलेली दिसली तरीही.  आईने ते खोकं कपाटात वरती ठेवून दिलं, आणि त्यानंतर मी तरी तिला गाताना ऐकलं नाही. घरात आवाज उरले ते लाटण्याचे, कुकरचे आणि रविवारच्या फोनचे. फोनकार्ड खरवडून पुण्याला नंबर लावायचा आणि आईने मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगायचं की आम्ही इथे अगदी मजेत आहोत.

आईला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. वाचायची ती भराभर. पण इथले लोक बोलायला लागले की तिचा चेहरा परीक्षेत बसल्यासारखा व्हायचा. त्यामुळे ती फक्त कोपऱ्यावरच्या डेअरीत जायची. इथे डेअरी म्हणजे वाण्याचं दुकान, आणि ते चालवणारे गुजराती काका तिच्याशी हिंदीत बोलायचे. दूध, पाव आणि दोन वाक्यं घेऊन ती परत यायची. माझंही काही वेगळं नव्हतं. शाळेत माझ्याशी कोणी वाईट वागत नव्हतं. कोणी वागतच नव्हतं, एवढंच.

शेजारच्या घरात आंटी नायरी राहायची. माओरी बाई, सत्तरीच्या आसपासची, रुंद खांद्यांची, आणि चालताना एक पाय किंचित ओढणारी. ती घरात बसून गिटार वाजवायची आणि मी शाळेतून आले की आमच्या मागच्या अंगणात, कुंपणाला टेकून ऐकत उभी राहायचे. एक दिवस ती पायरीवर येऊन उभी राहिली. तिचं बोलणं अर्थातच इंग्रजी होतं, पण का कोण जाणे, मला आता ते मराठीतच आठवतं.

"किआ ओरा, गर्ल. ते कुंपण पडलं तर तूच उभारायचंस हं. आत ये, चहा टाकलाय."

मी गेले. तिने चहाबरोबर तळलेल्या पावाचे तुकडे दिले, आपल्या भटुऱ्याच्या जाड बहिणी, वर पाकासारखं सिरप ओतलेल्या. घरात ओल्या लोकरीचा आणि तेलाचा वास होता, रेडिओ हळू आवाजात चालू होता, आणि कोचावर मांजरासारखी ऐसपैस पडलेली ती तपकिरी गिटार होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मग रोजच.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. तिचा मोठा भाऊ वेलिंग्टनच्या धक्क्यावर हमाली करायचा आणि अमेरिकन जहाजांवरच्या खलाशांकडून रेकॉर्ड्स मिळवून आणायचा. त्या रेकॉर्ड्सवर तिने पहिल्यांदा ब्लूज ऐकलं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ. प्रत्येक ओळीनंतर माणूस थांबतो आणि गिटार त्याला उत्तर देते. तिने ऐकून ऐकून बोटं बसवली. त्या काळी नाचाच्या हॉलमध्ये बाईने झुळझुळीत फ्रॉक घालून गायचं किंवा दाराशी तिकिटं फाडायची. आंटी नायरी मात्र इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून पुढे उभी राहायची, गायची आणि वाजवायची पण. गावोगावच्या मुली फक्त ते बघायला यायच्या. त्यातल्या काहींनी पुढे स्वतः गिटार हातात घेतली आणि कितीतरी वर्षांनी तिच्या दारात येऊन तसं सांगितलंही. तिची रेकॉर्ड मात्र एकच निघाली. कंपनीने आवाज तिचा घेतला आणि गिटार स्टुडिओतल्या एका पुरुषाकडून वाजवून घेतली, कारण बाईची गिटार कोण विकत घेणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती रेकॉर्ड लावली की आंटी नायरी हसत सुटायची.

"आवाज माझा, बोटं कुठल्यातरी गड्याची. ऐक, किती नीटनेटकं वाजवतोय बिचारा."

परवा टौरंगाला माझ्या स्वयंपाकघरात माझ्या लेकीने ते गाणं कॉम्प्युटरवर चुटकीसरशी शोधून काढलं. मी म्हटलं, "आवाज तिचा आहे, पण ही गिटार तिची नाही." लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "देन व्हेअर इज हर्स?" तिला उत्तर द्यायला म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आंटी नायरीने मला शिकवलं ते बोट धरून. बिअरच्या बाटलीची मान कापून, पायरीच्या सिमेंटवर घासून गुळगुळीत केलेली एक काचेची नळी होती. ती करंगळीत घालून तारेवरून सरकवायची, म्हणजे तार रडते, हसते, कुरकुरते. सगळं ती मला करू द्यायची, फक्त गिटारच्या खुंट्यांना हात लावू द्यायची नाही. रोज सुरुवातीला ती गिटार मांडीवर घ्यायची, डोळे मिटून घशातल्या घशात गुणगुणायची आणि खुंट्या पिळत तारा आपल्या आवाजाशी जुळवायची. नावं नाहीत, मोजमाप नाही. "हे माझं काम," ती म्हणायची. "तुझी पाळी नंतर." वय वाढत गेलं तसा तिचा आवाज खाली उतरला होता आणि आवाजाबरोबर तिने ताराही उतरवल्या होत्या. पण एका वर्षी, माझ्या लक्षात आलं, तारा किंचित चढल्या. मी विचारलं तर म्हणाली, "सोबतीसाठी. दुपारी एक बाई असते, तिच्याबरोबर जाते मी." मला वाटलं, रेडिओवरची कोणी गाणारी असेल. मी पुढे विचारलं नाही.

त्याच वर्षी, हिवाळ्याच्या शेवटी, आंटी नायरी गेली. एक दिवस शाळेतून आले तर तिच्या दारात गाड्याच गाड्या. तिची माणसं तिला तिच्या कुळाच्या मराएवर, म्हणजे सगळं कुळ जमतं त्या जागी, दूर पूर्व किनाऱ्याला घेऊन गेली. गाडी निघाली तेव्हा आई शाल गुंडाळून कुंपणाशी हात जोडून उभी होती. मला नवल वाटलं, कारण इतक्या वर्षांत ती आणि आंटी नायरी कपडे वाळत घालताना मान हलवण्यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या. आई तिचा उल्लेखही 'त्या नायरीबाई' असाच करायची.

काही आठवड्यांनी तिचा भाचा विरेमू आमच्याकडे आला. हातात ती गिटार, खोक्यात बंद. "आंटी म्हणाली होती, ही त्या मुलीची," तो म्हणाला. मग त्याने खरं काम सांगितलं. नोव्हेंबरमध्ये कम्युनिटी हॉलमध्ये तिच्या आठवणीसाठी सगळे जमणार होते, जुन्या बँडमधले जे उरलेत ते, आणि तिला बघून गिटार उचललेल्या बायका. "तिचा आवाज रेकॉर्डवर आहे. तिची बोटं कुठेच नाहीत. ती तुला शिकवून गेली आहे, तर एक गाणं तू वाजव. आणि तारांना हात लावू नकोस. तिने ठेवल्यात तशाच राहू देत."

मी कबूल झाले. खोकं पलंगाखाली ठेवलं. रोज उघडायचे, काहीही न दाबता सगळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवायचे, आणि तो आवाज विरेपर्यंत बसून राहायचे. तेवढ्या वेळापुरती ती शेजारी असल्यासारखं वाटायचं. मग झाकण लावायचे. वाजवायचा धीर होत नव्हता. मला वाटत होतं, घाई काय आहे.

आणि मग खंडेनवमी आली. बाबांचा हा अगदी आवडता दिवस. घरात जी जी म्हणून यंत्रं आणि हत्यारं असतील ती पुसून मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. पुण्याला हे पेटी आणि तंबोऱ्यासकट व्हायचं. इथे बाबा लॅपटॉप, ड्रिल मशीन, पाने आणि गवत कापायचं यंत्र मांडायचे. ऑक्टोबरात इथे वसंत असतो, झेंडू कुठला मिळणार, म्हणून रस्त्यावरच्या कोव्हायच्या झाडाची पिवळी फुलं. त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी होती. मी लायब्ररीतून आले तर दिवाणखान्यात उदबत्तीचा वास, उपासाचा कुमराचा, म्हणजे इथल्या रताळ्याचा, कीस परतल्याचा वास, आणि पाटांवर ओळीने सगळं मांडलेलं. मध्यभागी आंटी नायरीची गिटार. लाकूड आरशासारखं चकाकत होतं. आणि तारा नव्या होत्या, लख्ख.

मी पाटापुढे जाऊन बसले.

"बाबा, या तारा?"

"सरप्राइज!" बाबा हसत होते. "अगं, सगळ्या स्ट्रिंग्ज गंजलेल्या. नवा सेट आणला, पॉलिश केलं. आणि कम्प्लीटली आउट ऑफ ट्यून होती ती. ट्यूनर लावून एकेक केली. सहाच्या सहा हिरवे दिवे!"

"जुन्या तारा कुठे आहेत?"

"त्या? सकाळीच कचरा डेपोवर टाकून आलो की. का गं?"

मी हात पुढे केला तर त्यांनी प्रेमाने अडवला. "आज नाही हं. आज पूजा. उद्या दसऱ्याला वाजव, मुहूर्ताने." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती गिटारकडे बघत होती आणि तिच्या हातातला झारा तसाच राहिला होता.

दसऱ्याच्या सकाळी मी तारांवरून अंगठा फिरवला. गिटार अगदी बिनचूक लागली होती, दुकानातल्या कुठल्याही गिटारसारखी. माझी शिकलेली बोटं तिच्यावर ठेवली तर जे निघालं ते ऐकवत नव्हतं. मी आवाज न करता रडायला लागले. बाबा आधी म्हणाले, "मग आपण परत करू ना अ‍ॅडजस्ट," आणि मग हळूहळू त्यांना कळत गेलं. तो चेहरा मला अजून आठवतो. विरेमूला फोन केला. त्याला तारांच्या जुळणीबद्दल काही ठाऊक नव्हतं. लायब्ररीतल्या पुस्तकात अशा जुळणीचा एक प्रकार सापडला, सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या की सूर जुळून येतील असा. तो लावला. जवळपास बरोबर होतं आणि तरीही साफ चूक होतं, धुऊन इस्त्री केलेलं. म्हणजे रेकॉर्डवरच्या त्या गड्यासारखं नीटनेटकं. कानात मला तिचा आवाज येत होता, पण खुंटी पिळायला गेले की तो पळून जायचा. बाबा ऑफिसातून आल्यावर तासन् तास कॉम्प्युटरपुढे बसून शोधत राहायचे, जेवताना मान वर करायचे नाहीत. त्यांनी तो ट्यूनर ड्रॉवरमध्ये टाकला होता. मी त्यांच्याशी बोलत नव्हते आणि तेही समजून घेत होते. घर आधीच शांत, त्यात ही शांतता.

एका दुपारी सर्दीमुळे मी घरी होते. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पुन्हा खुंट्यांशी झटत होते, कारण तिथे हीटर होता. आई पाठमोरी उभी राहून कणीक मळत होती. मी मधली तार छेडली.

"उतरव," आई म्हणाली.

मला वाटलं गिटार टेबलावरून उतरवायला सांगते आहे.

"तार उतरव गं. चढली आहे ती. हा घे." आणि तिने सा लावला. इतक्या वर्षांनी. आधी आवाज खरखरला, मग मोकळा झाला. मी खुंटी सोडत गेले आणि तार तिच्या आवाजाला येऊन टेकली तशी मी हात काढून घेतला, कारण तो सूर तोच होता, आंटी नायरीचा. आईचे हात कणकेने भरलेले, डोळे मिटलेले. "आता वरून खाली घे. प. सा. पुन्हा प. पुन्हा सा, खालचा. आणि शेवटचा प, तो अजून खाली." राहिली ती दुसरी तार. "तो गंधार. उतरव. अजून. थांब, एवढा नको, तो कोमल झाला. जरा वर. जरासा. तिथेच."

मी सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. आंटी नायरी खोलीत आली.

"आई, तुला कसं माहीत?"

आई नळाखाली हात धूत राहिली. कणीक निघाली तरी धूत राहिली. "रोज दुपारी वाजवायची ती," ती म्हणाली. "तुम्ही दोघं गेलात की घर खायला उठायचं. या खिडकीतून ऐकू यायचं. तो गंधार आधी मला खटकायचा. वाटायचं, तार ढिली आहे, बाईच्या लक्षात येत नाही. मग कळलं, ती मुद्दाम तिथे ठेवते. ना कोमल ना शुद्ध. मी भीमपलास म्हणायला लागले हळू आवाजात. भीमपलासातला गंधार तिच्या गंधाराशेजारी जाऊन बसायचा. माझी पट्टी काळी चार. तिची काळी तीन. माझ्याकडे तंबोरा नाही, काही नाही. मग मीच खाली आले तिच्याकडे. तीच माझा तंबोरा." तिने टॉवेल घेतला. "ती गेली त्या दिवसापासून मला सा लागत नव्हता."

तेव्हा मला ती दुपारची बाई कळली. रेडिओवरची नव्हे. मी आईला सांगितलं, आंटी नायरीने सोबतीसाठी तारा चढवल्या होत्या. ती म्हणाली होती, एक बाई असते, तिच्याबरोबर जाते मी.

आई खुर्चीवर बसली. बराच वेळ तिने टॉवेलची घडी घातली आणि मोडली. आता गिटारमध्ये जो सूर होता तो काळी तीनही नव्हता आणि काळी चारही नव्हता, मधल्या पांढऱ्या पट्टीच्याही जरासा खाली, कुठल्याच पेटीवर नसलेला. एक खाली आली होती, एक वर गेली होती.

"मला वाटायचं मी चोरून गाते आहे," आई म्हणाली. "एकदा हाक मारायला हवी होती गं. नुसतं, चहाला या, एवढं इंग्रजी येत होतं मला." आणि ती रडली. मी तिला रडताना क्वचितच बघितलं आहे. त्या संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी वाजवत होते. ते बॅग घेऊन बराच वेळ दाराबाहेरच उभे होते, हे आईने मला नंतर सांगितलं. मी उठून त्यांना चहा करून दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि फक्त म्हणाले, "सापडलं?"

हॉलमध्ये एका रविवारी दुपारी सगळे जमले. लांब टेबलावर प्रत्येकाने आणलेले पदार्थ, त्यात आईच्या खोबऱ्याच्या वड्या. म्हाताऱ्या बायका, त्यांच्या मांडीवर त्यांच्या गिटारी. विरेमूने आधी ती रेकॉर्ड लावली, आणि तो आवाज संपल्यावर मला खूण केली. मी दोन ठिकाणी चुकले. तरी ती काचेची नळी दुसऱ्या तारेवरून सरकली तेव्हा पुढच्या रांगेतले एक आजोबा, तिच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारे, एकदम खुर्चीत पुढे झाले. "हीच ती," ते शेजारच्या बाईला मोठ्याने म्हणाले. "नायरीची वाकडी तार!" मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला होता. साडीवर कार्डिगन घातलेली आई ताठ बसली होती, आणि तिचे ओठ मिटलेले असले तरी मला माहीत होतं की ती आतल्या आत कुठल्या सुरावर आहे.

त्या बायकांपैकी तिघींनी नंतर माझ्याकडून ती जुळणी करून घेतली. मी ती आईने सांगितलेल्या सुरांत, पण आंटी नायरीसारखी करून दिली, गुणगुणत, खुंटी पिळत, नावं न घेता. लेकीला हेच सांगायचं आहे. तिची गिटार आहे, पण ती कॉम्प्युटरवर नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. शेजारच्या घरावर भाड्याची पाटी लागली होती आणि गवत गुडघाभर वाढलं होतं. एका दुपारी भांडी घासून झाल्यावर आईने सिंकवरची खिडकी पूर्ण उघडली आणि गायला लागली. तिच्या काळी चारमध्ये नाही, त्याच मधल्या सुरात. एक ओळ म्हटली आणि थांबली. कुंपणाकडे बघत राहिली. तीच ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा थांबली. मी माझ्या खोलीत होते. मी गिटार घेऊन स्वयंपाकघरात गेले, नळी करंगळीत घातली, आणि पुढच्या वेळी ती थांबली तेव्हा तिथे वाजवलं. आईने मागे वळून पाहिलं नाही. त्या रिकाम्या घराकडे बघतच तिने पुढची ओळ घेतली.